नळीच्या भिंतीची जाडी : जुन्या दुनळी बंदुका आणि मापनाचा संस्कार



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर वाङ्मय, शिक्षण, राज्यशासन असे भारदस्त विषय मांडले गेले. त्यांच्या पंक्तीला मी आणलेला विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जुन्या दुनळी बंदुकीच्या नळीची भिंत किती जाड आहे आणि ती कशी मोजावयाची, याचा इतिहासाशी संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे, असे माझे प्रतिपादन आहे. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना मापनविद्या शिकविली. निवृत्तीनंतर एका परवानाधारक बंदूक-कारागिराच्या दुकानात, बंदुकांच्या मालकांसमक्ष, त्याची मापे घेण्याची रीत जवळून पाहावयास मिळाली. तेथे जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांत संस्थानी काळापासून चालत आलेली एखादी दुनळी बंदूक असते. कोणाचे पणजोबा सरदार होते, कोणाचे शिलेदार, कोणी वनखात्यात होते, कोणी शिकारखात्यात. बंदूक परवान्यासह वारसाने पुढच्या पिढीकडे येते, दसऱ्याला तिची पूजा होते आणि वर्षभर ती कपाटात राहते. मग एखादा उत्साही नातू विचारतो, ही अजून चालते का? घरातले वडीलधारे उत्तर देतात, विलायती माल आहे, आजचे लोखंड त्याच्यापुढे काय! या प्रश्नावर आणि या उत्तरावर कधी कधी माणसाचा हात, डोळा किंवा जीव अवलंबून असतो. म्हणून हा विषय केवळ हौशी संग्राहकांचा नाही.

नळी घडविण्याची विद्या

बंदुकीची नळी फुटू नये कशी, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. अकबराच्या कारकिर्दीचे वर्णन करणाऱ्या ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल याने बंदुकांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा एकमेकींना भिडवीत व तापवून जोडीत. अशा नळ्या फुटत. नव्या पद्धतीत पत्रा तिरका वेढे देत गुंडाळीत, एक वेढा दुसऱ्यावर चढेल असा ठेवीत आणि मग भट्टीत सांधीत. अशी नळी दारूने तोंडापर्यंत भरून उडविली तरी फुटत नसे, असे तो नमूद करतो. गाईने फिरविलेल्या एका चाकावर सोळा नळ्या थोड्या वेळात आतून साफ करण्याची युक्तीही त्याने वर्णिली आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्रत्येक बंदुकीवर तयार लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आले ते ठिकाण, कारागिराचे नाव, घडणीचे स्थळ, तारीख आणि क्रमांक कोरीत असत. कच्च्या लोखंडाचे वजनही पूर्वी कोरीत, पुढे ते कोरणे बंद झाले. म्हणजे वस्तूच्या अंगावर तिची कुंडली लिहिण्याची चाल आपल्याकडे सोळाव्या शतकात होती. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. शस्त्रांची नोंद हा राज्यकारभाराचा भाग आहे, ही जाणीव त्यामागे दिसते.

वेढ्यांच्या नळीची ही कल्पना युरोपातही रुजली आणि एकोणिसाव्या शतकात परमावधीला पोहोचली. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून त्यांच्या कांबी ओढीत. त्या कांबींना पीळ देत. दोन-तीन पिळलेल्या कांबी शेजारी शेजारी सांधून त्यांची फीत करीत. आणि ती फीत सळईभोवती गुंडाळून घणाखाली एकजीव करीत. बर्मिंगहॅम व बेल्जममधील लिएज ही या विद्येची माहेरघरे होती. नळीवर रसायन चढविले की त्या पिळांची नक्षी पाण्याच्या तरंगांसारखी उमटे. हीच ‘दमास्कस’ नळी. आपल्याकडील जुन्या घरांतून निघणाऱ्या पुष्कळ दुनळी बंदुका याच जातीच्या असतात.

शिक्क्यांची साक्ष

नळी सुंदर आहे म्हणून ती बळकट आहे असे नव्हे. हे ओळखून इंग्लंडमध्ये सक्तीच्या परीक्षेची व्यवस्था झाली. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने अस्तित्वात आले. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढीत. जी टिकेल तिच्यावर शिक्का उठे; जी फुटेल ती कारागिराच्या खात्यात जाई. शिक्क्यांत नळीच्या आतल्या व्यासाचा अंकही असे. ‘१२ बोअर’ याचा अर्थ असा की नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. मोजून सांगावयाचे तर हा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. १३ चा अंक म्हणजे सुमारे ०.७१० इंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुराच्या काळ्या दारूऐवजी बिनधुराच्या नायट्रो दारूचा प्रसार झाला. तिच्या दाबाची चढउतार काळ्या दारूहून वेगळी असते. म्हणून १८९६ च्या नियमांत नायट्रो परीक्षेचा निराळा शिक्का आला. तेव्हा नुसता काळ्या दारूचा शिक्का असलेली नळी आजचे बाजारी काडतूस सोसण्यासाठी तपासलीच गेलेली नव्हती, हे उघड आहे.

हे शिक्के नळीच्या खालच्या अंगाला, दस्त्याकडच्या टोकाशी असतात आणि बंदूक उघडून नळ्या वेगळ्या केल्याशिवाय दिसत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ताम्रपट वाचावा तसे ते वाचावे लागतात. ताम्रपटाप्रमाणेच त्यांचाही एक मर्यादित अर्थ असतो. शिक्का सांगतो, अमुक काळी ही नळी अमुक परीक्षेला उतरली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत तिचे काय झाले, हे तो सांगत नाही.

तरीही तो एक मोठा उपकार करून ठेवतो. समजा, नळीवर १३ चा अंक आहे आणि आज आतला व्यास ०.७२९ इंच भरला. म्हणजे व्यास सुमारे ०.०१९ इंचाने, जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने वाढला. प्रत्येक बाजूच्या भिंतीतून सुमारे पाव मिलिमीटर धातू आतून गेला. तो कोठे गेला? बहुधा गंजाचे खड्डे काढण्यासाठी कोणीतरी नळी आतून घासून गुळगुळीत केली. बाहेरून नक्षी पुन्हा उठावदार करावयाची तर पृष्ठभाग घासावा लागतो. तेथेही थोडा धातू जातो. पोचा आला, तो आतून उचलला आणि वरचा उंचवटा कानशीने उतरविला, की तेवढ्या जागी भिंत आणखी पातळ होते. बंदूक जितकी जिव्हाळ्याने सजविली, तितकी ती झिजली. उपेक्षेने गंज चढतो आणि मायेने धातू उतरतो, असा हा प्रकार आहे.

मोजावयाचे कसे

दुनळीच्या नळ्या साधारणतः २८ ते ३० इंच लांब असतात. काडतूस बसते त्या मागच्या भागात भिंत सुमारे तीन मिलिमीटर जाड असते. तेथून पुढे ती निमुळती होत जाते आणि पुढच्या अर्ध्या भागात सर्वांत पातळ होते. इंग्लंडच्या कायद्याने किमान जाडी ठरवून दिलेली नाही. परंतु व्यवसायातील जाणते लोक इंचाचे वीस सहस्रांश, म्हणजे २० ‘थाउ’ किंवा सुमारे अर्धा मिलिमीटर, ही धोक्याची सीमा मानीत आले आहेत. आपल्या कारखान्यांतील भाषेत बोलावयाचे तर सुताच्या सहाव्या हिश्शाहूनही हे कमी. एवढ्या पत्र्याच्या भरवशावर माणूस आपला डावा हात नळीखाली धरतो.

एक साधे गणित पाहू. नळीच्या भिंतीवर येणारा ताण हा दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी एवढा असतो. उदाहरणादाखल, नळीच्या एखाद्या भागात दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब आहे असे धरा. त्रिज्या ०.९२५ सेंटिमीटर. जाडी एक मिलिमीटर असेल तर धातूवरील ताण दर चौरस सेंटिमीटरला ९२५ किलो. जाडी अर्धा मिलिमीटर झाली की १,८५० किलो. दारू तीच, काडतूस तेच, बंदूक तीच. फक्त डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटर गेला आणि ताण दुप्पट झाला. शिवाय दाब मागच्या भागात सर्वाधिक असतो व पुढे झपाट्याने उतरतो. म्हणून पातळ जागा किती पातळ आहे एवढेच पाहून भागत नाही. ती कोठे आहे हेही पाहावे लागते. तोंडाजवळ चालून जाणारी जाडी मागे नऊ इंचांवर आढळली तर ती घातक ठरू शकते.

आता मोजणीचा प्रश्न. बाहेरचा व्यास कॅलिपरने घ्यावा, आतला व्यास लांब दांडीच्या मापकाने घ्यावा, वजाबाकी करून दोनाने भागावे, असे सुचेल. बाहेरचा व्यास २०.५ आणि आतला १८.५ मिलिमीटर असेल तर उत्तर एक मिलिमीटर येते आणि मन निश्चिंत होते. पण ही सरासरी आहे. आतले छिद्र मध्यापासून ०.४ मिलिमीटरने सरकलेले असेल तर एका बाजूची भिंत १.४ आणि दुसऱ्या बाजूची केवळ ०.६ मिलिमीटर असेल, आणि सरासरी तरीही एक मिलिमीटरच येईल. नळी फुटते ती सरासरीला नव्हे, सर्वांत दुबळ्या जागी.

म्हणून जाणता कारागीर भिंत प्रत्यक्ष मोजतो. एक लांब, ताठ दांडी नळीत जाते. तिच्या टोकाला लहानशी गोलाकार घुंडी असते. तिच्या नेमकी समोर, नळीच्या बाहेरून, डायल असलेल्या मापकाचे टोक टेकते. या दोहोंमध्ये सापडलेला पत्रा म्हणजे भिंतीची जाडी. एक एक इंच पुढे सरकत, प्रत्येक ठिकाणी नळी फिरवून चार-सहा बाजूंनी मापे घ्यावयाची आणि ती कागदावर मांडावयाची. दोन्ही नळ्यांची मिळून दोनशेहून अधिक मापे सहज होतात. तरी दोन नळ्या जेथे पट्टीने एकमेकींना सांधलेल्या असतात ती बाजू बाहेरून उघडी नसते. तेथे मापकाचे टोक पोहोचत नाही. हे ‘मोजता आले नाही’ असे लिहिणे हाही मापनाचाच भाग आहे.

आपल्याकडे घागर वाजवून घेण्याची चाल आहे. नळ्याही टांगून, हलकेच ठोकून वाजवितात. स्वच्छ नाद आला तर पट्ट्यांचे सांधे घट्ट आहेत असे समजते. पण नादावरून भिंतीची जाडी कळत नाही. आणि जाडी पुरेशी असली तरी सर्व धोके टळले असेही नाही. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते; ते न पाहता मागून १२ चे काडतूस भरले तर नवी कोरी नळीही फुटते. मापन एका प्रश्नाचे उत्तर देते. त्याला सर्व प्रश्नांचे उत्तर समजणे ही अंधश्रद्धाच होय.

बडोद्याचा वारसा

या नगरीला तोफाबंदुकांचे वैभव नवे नाही. मल्हारराव महाराजांच्या सोन्याच्या तोफा प्रसिद्धच आहेत. सोन्याच्या तोफेची जाडी हा ऐश्वर्याचा प्रश्न होता. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि सयाजीराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत, १८९० मध्ये, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. यंत्रविद्या, रंगकाम, रेखन हे विषय देशी भाषांतून सामान्य घरच्या मुलांना शिकविण्याचा तो उपक्रम होता. सुतार-लोहारांच्या मुलांच्या हाती कॅलिपर आणि आराखड्याचा कागद देणे, हे सोन्याच्या तोफेपेक्षा मोठे वैभव होय, असे मी मानतो. पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलाभवन विलीन होऊन त्याची तंत्रविद्याशाखा झाली.

त्याच १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला. त्याचा मूळ वास्तुकार मेजर चार्ल्स मँट याचा १८८१ मध्ये करुण अंत झाला. आपले हिशेब चुकले, वास्तू कोसळणार, या धास्तीने त्याने ग्रासून जीव दिला, असे सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम याने काम तडीस नेले आणि राजवाडा आजही भक्कम उभा आहे. ही कथा मला आजच्या विषयाच्या संदर्भात सदैव आठवते. जे बळकट होते त्याची भीती मँटने बाळगली. आणि आमच्या घरांतून जे दुबळे झालेले असू शकते त्याविषयी निर्धास्तपणा बाळगला जातो. दोन्हींचे मूळ एकच. प्रत्यक्ष मापाची जागा मनातल्या समजुतीने घेतलेली असते.

दमास्कस नळ्यांविषयी अशा दोन्ही समजुती प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने. दुसरा म्हणतो, वेढ्याची नळी म्हणजे हातबॉम्ब. १८९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाने नाना जातींच्या नळ्या फुटेपर्यंत तपासल्या, तेव्हा चांगल्या इंग्लिश घडणीच्या वेढ्याच्या नळ्या पोलादी नळ्यांच्या तोडीस उतरल्या आणि काही त्यांच्याही पुढे गेल्या. म्हणजे सरसकट भीती खोटी. पण त्या परीक्षेतल्या नळ्या नव्या होत्या. आपल्या कपाटातील नळीने शतकभराचे पावसाळे पाहिले आहेत. म्हणून सरसकट विश्वासही खोटा. जातीवरून निवाडा करता येत नाही. समोरची एकच नळी हाती घेऊन, तिच्यापुरता निवाडा करावा लागतो.

कारागिराच्या दुकानात मी पाहिलेली एक बंदूक सांगतो. बाहेरून तिची नक्षी अप्रतिम होती, आतून ती आरशासारखी चकाकत होती. घरच्या मंडळींना या चकाकीचाच अभिमान होता. मापे घेतली तेव्हा उजव्या नळीची भिंत बहुतेक ठिकाणी पाऊण मिलिमीटर भरली. परंतु मागून अकरा इंचांवर, डाव्या अंगाला, रुपयाएवढ्या जागेत ती ०.३५ मिलिमीटरच उरली होती. तेथे कधीतरी पोचा काढला गेला होता. कारागिराने खडूने त्या जागेभोवती वर्तुळ काढले आणि बंदूक मालकाच्या हाती दिली. घरातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी अंगठ्याने ती जागा बराच वेळ चाचपली. मग ते मुलाला म्हणाले, “बाळ, आजोबांनी ती जपली होती. आता तिला विश्रांती द्यायची पाळी आपली.” घरात लग्न ठरले होते आणि वरातीत बार काढण्याचा बेत होता, हे मला नंतर समजले.

असे बार काढणे आता कायद्यानेही गुन्हा आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने आनंदोत्सवातील गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. शिकारीचे युगही केव्हाच संपले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी तो दरवाजा बंद केला. शिकारीच्या परंपरेत वाढलेले आपले फत्तेसिंहराव गायकवाड हेच भारतातील जागतिक वन्यजीव निधीचे पहिले अध्यक्ष झाले, ही बडोद्याला अभिमानाची गोष्ट आहे. तेव्हा या बंदुकांचे उरलेले कार्य बार काढण्याचे नाही. साक्ष देण्याचे आहे.

ही साक्ष जपावयाची असेल तर माझी विनंती अशी : घरात अशी बंदूक असेल तर ती उडवून पाहू नका आणि चकाकीसाठी घासूही नका. परवानाधारक जाणत्याकडून तिचे शिक्के वाचून घ्या, मापे घ्या, ती कागदावर तारखेसह लिहून परवान्याच्या कागदांसोबत ठेवा. आणखी तीस वर्षांनी तुमच्या नातवाला आज्याच्या आठवणीबरोबर आजची जाडीही कळेल. अकबराचे कारागीर नळीवर वजन कोरीत होते ते याच बुद्धीने.

इतिहासाच्या अभ्यासकालाही या मापनातून बरेच शिकता येईल. प्रत्येक पिढी आपल्या पूर्वजांची कथा थोडी घासून, थोडी चकचकीत करून पुढे देते. ऐकावयास ती अधिकाधिक गुळगुळीत होते आणि आतला धातू कमी होत जातो. सरासरीने पाहिले तर सारे ठीक वाटते. पण जेथे पुरावा सर्वांत विरळ आहे, नेमका तेथेच आपण सर्वांत मोठा बार भरीत असतो. एकेक इंच सरकत, प्रत्येक बाजूने पाहत, आणि जेथे माप पोहोचत नाही तेथे ‘मोजता आले नाही’ असे लिहीत जाणे, ही शिस्त ज्या शाळेने मुलांना दिली ती शाळा कृतार्थ झाली. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी फळ्यावर रेघ ओढण्यापूर्वीही पट्टी लावीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्या पट्टीला वंदन करून मी आपली रजा घेतो.